एका नोंदीचे पाच धनी : दिंडोरीच्या द्राक्ष हंगामातलं एक डेटाबेस प्रकरण

नाशिक जिल्ह्यातून द्राक्ष निर्यात करणाऱ्या एका शेतकरी कंपनीची एक तोडणी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात अडली. प्लॉट दिंडोरी तालुक्यातला, थॉमसन सीडलेसचा. कंपनीच्या संगणकात तोडणीची तारीख ३ फेब्रुवारी होती. टोळी, क्रेट, गाडी सगळं सकाळी बागेत पोचलं, पण बागायतदाराने घडाला कात्री लावू दिली नाही. "१८ जानेवारीला औषध मारलंय. अजून दोन आठवडे थांबा," एवढंच तो म्हणत राहिला. मुकादमाने ऑफिसला फोन लावला. ऑफिसच्या स्क्रीनवर शेवटची फवारणी २ जानेवारीची होती.

त्या औषधाचा काढणीपूर्व कालावधी, म्हणजे फवारणी आणि तोडणी यांत ठेवायचं किमान अंतर, ३० दिवसांचा. २ जानेवारी धरली तर १ फेब्रुवारीनंतर तोडायला हरकत नाही, १८ जानेवारी धरली तर १७ फेब्रुवारीपर्यंत थांबायचं. माल थेट युरोपात जाणार होता. ज्या औषधाच्या फळातल्या अंशासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोपीय संघात किलोला ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागते. नाशिककरांना हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाच्या अंशांमुळे युरोपात आपले द्राक्षांचे कंटेनर अडकले, तेव्हा कित्येक घरांचा त्या वर्षीचा हिशेब कोलमडला होता.

ऑफिसमध्ये दोन तर्क निघाले: बागायतदाराने फवारणी कळवलीच नाही, किंवा क्षेत्र पर्यवेक्षकाने ती चढवली नाही. दोन्ही तर्क माणसांवर बोट ठेवणारे, आणि दोन्ही चुकीचे निघाले. पर्यवेक्षक, पंचविशीतला मुलगा, शपथेवर सांगत होता, "मी बागेतूनच मोबाइलवर नोंद केली, साहेब. नानांसमोर केली." नाना म्हणजे तो बागायतदार. त्यांच्या कागदी फवारणी डायरीत १८ जानेवारी स्वच्छ अक्षरात होती. पण ती डायरी मागाहूनही लिहिता येते, असं कुणीतरी बोलून गेलं, आणि त्या वाक्याने वातावरण बिघडलं. कंपनीचे सभासद हेच तिचे मालक असतात. मालकावर खोटेपणाचा संशय आला, तर कंपनीच्या मुळावरच घाव बसतो. डेटाबेस तपासायला मला बोलावलं ते या टप्प्यावर.

कंपनीकडे ग्रेपनेटवरच्या नोंदणीखेरीज स्वतःची एक प्रणाली होती. अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेची ग्रेपनेट प्रणाली प्लॉटपासून प्रयोगशाळेच्या अहवालापर्यंतचा माग ठेवते. क्रेट, प्रतवारी, मजुरी, बागायतदाराचे पैसे या गोष्टी मात्र ज्याच्या त्याने बघायच्या. त्यासाठी जँगो या पायथॉनच्या चौकटीत लिहिलेलं ॲप्लिकेशन आणि खाली पोस्टग्रेस हा डेटाबेस. प्रत्येक प्लॉटची प्रत्येक हंगामाला एक ओळ, आणि त्या एका ओळीत सगळं: बागायतदाराचं नाव, गट क्रमांक, बँक खातं, शेवटच्या फवारणीचं औषध आणि तारीख, नमुना कधी घेतला, लॅबचा निकाल काय, अपेक्षित क्रेट, प्रत्यक्ष क्रेट, दर, दिलेली रक्कम. ओळीच्या शेवटी "शेवटचा बदल कोणी केला" हा रकाना. त्यात पॅकहाऊसचं, म्हणजे द्राक्षं निवडून पॅक करण्याच्या केंद्राचं, लॉगिन होतं.

म्हणजे आता संशयाची सुई पॅकहाऊसमध्ये डेटा भरणाऱ्या ताईंकडे. त्या घाबरल्या होत्या. त्यांनी फवारणीच्या रकान्याला हातसुद्धा लावला नव्हता, आणि तसं त्या सांगतही होत्या.

सुदैवाने डेटाबेसचा वॉल, म्हणजे प्रत्येक बदलाची क्रमवार नोंद, दुसऱ्या यंत्रावर साठवला जात होता. त्यामुळे वेगळ्या सर्व्हरवर जुना बॅकअप उभा करून त्याला हव्या त्या मिनिटापर्यंत पुढे नेता आलं. वेब सर्व्हरच्या लॉगमधून वेळा मिळाल्या. २० जानेवारीला सकाळी ११ च्या सुमारास ताईंनी त्या प्लॉटचा फॉर्म उघडला. अपेक्षित क्रेटचा आकडा बदलायचा होता, पण तेवढ्यात एका कंटेनरची कागदपत्रं आली आणि फॉर्म तसाच उघडा राहिला. दुपारी १ वाजता पर्यवेक्षकाने बागेतून १८ जानेवारीची फवारणी चढवली. डेटाबेस दुपारी दीडपर्यंत नेऊन पाहिला, तर तिथे १८ जानेवारी ठळक बसलेली. ४ वाजून ४० मिनिटांनी ताईंनी क्रेटचा आकडा बदलून "जतन करा" दाबलं. फॉर्मने सकाळी वाचलेली अख्खी ओळ परत लिहिली, आणि तिच्यात फवारणीची तारीख २ जानेवारी होती.

पर्यवेक्षक खरा होता, नाना खरे होते आणि ताईही खऱ्या होत्या. हे तिघांना एकत्र बसवून, वेळा दाखवून सांगणं, हे मला या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं काम वाटतं. दुरुस्ती नंतरही करता आली असती.

तातडीचा उपाय त्याच दिवशी झाला. प्रत्येक ओळीला आवृत्ती क्रमांक दिला. फॉर्म उघडताना जो क्रमांक वाचला, तोच जतन करताना असेल तरच अपडेट चालेल, नाहीतर "ही नोंद मधल्या वेळात बदलली आहे, पुन्हा उघडा" असा निरोप येईल. एकावर एक लिहिलं जाण्याचा प्रश्न यातून सुटतो, आणि पुष्कळ ठिकाणी काम इथेच थांबतं. मला ते मान्य नव्हतं. पॅकहाऊसचा फॉर्म फवारणीचा रकाना लिहितोच का, हा खरा प्रश्न होता. आज तो नकळत लिहितोय. उद्या कंटेनर भरायची घाई असेल, तारीख दोन दिवस आड येत असेल, तेव्हा कुणीतरी जाणूनबुजून लिहील, आणि तेव्हा शोध इतका सरळ लागणार नाही.

मोठं काम हंगाम संपल्यावर, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर घेतलं. पहिल्याच बैठकीत व्यवस्थापकांचं म्हणणं होतं की स्क्रीनवर ते रकाने राखाडी करून टाका, म्हणजे झालं. पण त्या टेबलात लिहिणारी वाट एकटी स्क्रीन नव्हती. मोबाइल ॲप होतं, हिशेबनीस महिनाअखेरीला एक्सेल चढवत, आणि गरज पडली की ऑफिसमधला एकजण थेट पीजीॲडमिन हे डेटाबेस हाताळायचं साधन उघडून आकडा दुरुस्त करत असे. राखाडी रकाना यातल्या एका वाटेवरच उभा राहतो. बंधन जिथे डेटा राहतो तिथे, म्हणजे डेटाबेसमध्येच असलं पाहिजे, असा माझा आग्रह होता आणि अजूनही आहे.

संचालकांना हे पटवायला तांत्रिक भाषा उपयोगाची नव्हती. मी सातबारा पुढे ठेवला. एकच कागद, पण वरचा नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, आणि खालचा नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. मालकी बदलायची तर नमुना सहामध्ये फेरफार पडतो, नोटीस निघते, मंडळ अधिकारी प्रमाणित करतो, मग सातवर अंमल होतो. पिकाची नोंद मात्र २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवरून करतो. कागद एक असला, तरी त्याच्या दोन भागांत लिहिण्याचा अधिकार वेगळ्या माणसांकडे आणि वेगळ्या पद्धतीने. शिवाय फेरफारात जुनी नोंद पुसली जात नाही, नव्या नोंदीचा क्रमांक लागतो. एक ज्येष्ठ संचालक म्हणाले, "म्हणजे आपल्या प्लॉटच्या कागदाचे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागाचा धनी ठरवायचा." पुढची चर्चा त्यांच्याच शब्दांत चालली.

धनी पाच ठरले. बागायतदार आणि प्लॉटची मूळ माहिती सभासद विभागाची. फवारणी क्षेत्र पर्यवेक्षकांची. नमुना आणि लॅबचा निकाल गुणवत्ता अधिकाऱ्यांचा. क्रेट आणि प्रतवारी पॅकहाऊसची. दर आणि रक्कम हिशेबनिसांची. हे बोलायला सोपं वाटतं, पण बँक खात्यावरून बराच वाद झाला. सभासद विभाग म्हणे माहिती आमची, हिशेबनीस म्हणे पैसे चुकीच्या खात्यात गेले तर जाब आम्हाला विचारतात. शेवटी निकष ठरला की ती गोष्ट चुकली तर उत्तर कोणाला द्यावं लागतं, ते बघायचं. खातं हिशेबनिसांकडे गेलं.

आता अंमलबजावणी. पोस्टग्रेसमध्ये रकान्यानुसार अधिकार देता येतात. एखाद्या रोलला, म्हणजे डेटाबेसमधल्या खात्याला किंवा गटाला, टेबलातल्या ठरावीक रकान्यांपुरताच अपडेट (बदलण्याचा अधिकार) ग्रँट करायचा. सोय चांगली, पण तिच्या दोन खोचा माहीत असाव्या लागतात. पहिली: त्या रोलला आधीच अख्ख्या टेबलावर अपडेट दिलेला असेल, तर एका रकान्यावरून रिव्होक केल्याने काहीच होत नाही. आधी टेबलावरचा अधिकार काढायचा आणि मग रकाने मोजून द्यायचे. दुसरी: अधिकार तपासला जातो तो अपडेटमध्ये ज्या रकान्यांची नावं आली त्यांवर, त्यांची किंमत खरोखर बदलली की नाही यावर नाही. जँगोचा नेहमीचा सेव्ह सगळे रकाने लिहितो. त्यामुळे ताईंनी फक्त क्रेट बदलले तरी परवानगी नाकारल्याची चूक येणार. लिहायच्या रकान्यांची यादी (अपडेट_फील्ड्स) देऊन ते टाळता येतं, पण मग प्रत्येक फॉर्ममध्ये ते आठवणीने द्यायला हवं.

म्हणून आम्ही ओळच फोडली. प्रत्येक भागाचं स्वतंत्र टेबल, आणि प्लॉट-हंगामाचा क्रमांक त्यांना जोडणारा. असं केल्यावर अधिकार टेबलापुरते साधे होतात, आणि पॅकहाऊसच्या फॉर्मपर्यंत फवारणीचा रकाना पोचतच नाही. काम वाढलं, जुने अहवाल नव्याने लिहावे लागले. तरी भागांचे धनी वेगळे असतील तर टेबलं वेगळी असावीत, या मतावर मी ठाम आहे. रकान्याचे अधिकार एखाद्या अपवादापुरते ठेवावेत.

फवारणीच्या टेबलात आणखी एक बदल केला. "शेवटची फवारणी" हा रकाना गेला. प्रत्येक फवारणीची स्वतंत्र ओळ: औषध, मात्रा, तारीख, कोणी मारलं. पर्यवेक्षकाच्या रोलला या टेबलावर फक्त इन्सर्ट (नवी ओळ घालणं) आणि वाचन, अपडेट किंवा डिलीट नाही. तारीख चुकली तर दुरुस्तीची नवी ओळ घालायची, ती कोणत्या जुन्या ओळीच्या जागी आहे ते सांगायचं आणि कारण लिहायचं. बागेत रेंज नसली की नोंद मोबाइलमध्येच थांबून संध्याकाळी चढते, म्हणून दोन वेळा ठेवल्या: फवारणी कधी झाली आणि नोंद डेटाबेसमध्ये कधी आली.

तोडणीची तारीख तर टेबलात ठेवलीच नाही. ती शेवटच्या वैध फवारणीवरून आणि औषधाच्या काढणीपूर्व कालावधीवरून एका व्ह्यूमध्ये, म्हणजे दरवेळी मूळ टेबलांवरून नव्याने तयार होणाऱ्या आभासी टेबलात, मोजली जाते. मोजून निघणारी गोष्ट लिहिण्याची सोय ठेवली, की ती केव्हातरी कुणीतरी लिहिणार. इथे मात्र सावध राहावं लागतं, कारण व्ह्यू मुळात त्याच्या मालकाच्या अधिकाराने चालतो आणि वाचणाऱ्यावरची बंधनं त्यातून निसटू शकतात. पोस्टग्रेस १५ पासून सिक्युरिटी इन्व्होकर हा पर्याय आहे. तो लावला की व्ह्यू वाचणाऱ्याच्याच अधिकाराने चालतो.

एका पर्यवेक्षकाने दुसऱ्याच्या गावात लिहू नये, यासाठी ओळनिहाय सुरक्षा वापरली. दिंडोरीवाल्याला दिंडोरीचे प्लॉट, निफाडवाल्याला निफाडचे. ही सोय २०१६ च्या जानेवारीत आलेल्या पोस्टग्रेस ९.५ पासून आहे. पॉलिसीत दोन अटी असतात: कोणत्या जुन्या ओळींना हात लावता येईल ती एक, आणि बदलानंतरची ओळ कशी असावी ती दुसरी. दुसरी अट मोडली तर चूक दिसते. पहिलीत न बसणारी ओळ मात्र निमूट वगळली जाते. अपडेट शून्य ओळींवर चालतो आणि चूक येत नाही. चाचणीत हेच दिसलं. प्लॉटच्या भेटींच्या टेबलात निफाडच्या लॉगिनने दिंडोरीची ओळ बदलली, ॲपने "जतन झाले" म्हटलं, आणि प्रत्यक्षात काहीही बदललं नव्हतं. त्यानंतर प्रत्येक अपडेटनंतर किती ओळी बदलल्या ते ॲप तपासतं, आणि शून्य आलं तर ती चूकच मानतं.

या सगळ्यावर पाणी पडू शकलं असतं ते एका जुन्या सवयीमुळे. ॲप डेटाबेसला जोडलं जायचं तेच मुळी टेबलांच्या मालकाच्या खात्याने. मालकाला ओळनिहाय सुरक्षा लागू होत नाही, जोवर टेबलावर ती सक्तीची केलेली नाही. शिवाय मालक हवे ते अधिकार स्वतःला पुन्हा देऊ शकतो. म्हणून मालकाचा रोल वेगळा केला आणि त्याचं लॉगिन बंद केलं. ॲपचं लॉगिन वेगळं. ते पाचही भागांच्या रोलचं सदस्य आहे, पण नो-इन्हेरिट, म्हणजे त्या रोलचे अधिकार आपोआप न मिळणारं, असल्यामुळे त्याला स्वतःहून कशालाच हात लावता येत नाही. डेटाबेसच्या प्रत्येक व्यवहाराच्या (ट्रान्झॅक्शनच्या) सुरुवातीला वापरणाऱ्याच्या कामानुसार सेट लोकल रोल होतं, आणि व्यवहार संपला की उतरतं. मध्ये डेटाबेसच्या जोडण्या अनेकांत वाटून देणारा पीजीबाउन्सर असल्यामुळे हा लोकल महत्त्वाचा. साधं सेट वापरलं तर एकाचा रोल तसाच राहून तीच जोडणी दुसऱ्याच्या हाती जाण्याचा धोका असतो.

बदलांचा इतिहास ट्रिगरने, म्हणजे बदल होताच आपोआप चालणाऱ्या फंक्शनने, वेगळ्या टेबलात जातो. तिथे कोणत्याही भागाच्या रोलला थेट काहीच लिहिता येत नाही. ट्रिगरचं फंक्शन मालकाच्या अधिकाराने चालतं, म्हणून त्याचा सर्च पाथ (टेबलांची नावं कुठे शोधायची तो क्रम) बांधून टाकला. त्या फंक्शनच्या आत करंट_यूझर विचारलं तर मालकाचंच नाव मिळतं, आणि सगळा इतिहास एकाच नावावर जमा होतो. त्यामुळे खऱ्या माणसाची ओळख व्यवहाराच्या सुरुवातीला सेटिंगमध्ये ठेवून फंक्शनने तिथून वाचायची असं केलं. हे चालायचं तर माणशी एक लॉगिन हवं. पॅकहाऊसचं सामायिक लॉगिन बंद करायला सर्वात जास्त विरोध झाला, आणि मागच्या हंगामात या लॉगिनमुळेच एका बाईवर आळ आला होता, हे सांगितल्यावर तो मावळला.

सर्वात जास्त विचार लागला तो कुलपाच्या प्रश्नाला. लॅबसाठी नमुना घेतला की त्याआधीच्या फवारण्यांची नोंद गोठवावी, असं गुणवत्ता अधिकाऱ्यांचं म्हणणं. निकाल आल्यावर मागची तारीख जुळवून घेण्याचा मोह कुणालाही होऊ शकतो, हे त्यांचं कारण योग्यच होतं. पण पर्यवेक्षकांनी उलट प्रश्न केला: नमुन्यानंतर भुरी रोग दिसला आणि बागायतदाराने फवारलं, तर ते कुठे लिहायचं? आणि नमुन्याआधीची एखादी फवारणी खरंच नोंदवायची राहून गेली असेल आणि नंतर लक्षात आली, तर? कुलूप इतकं घट्ट असू नये की खरी गोष्ट बाहेरच राहील. बंद दार दिसलं की माणसं ती गोष्ट शेऱ्याच्या रकान्यात लिहितात किंवा व्हॉट्सॲपवर कळवतात, आणि मोजणीपर्यंत ती पोचतच नाही.

म्हणून नवी फवारणी केव्हाही घालता येते, नमुन्यानंतरची असली तरी. ती येताच तोडणीची तारीख पुढे सरकते आणि गुणवत्ता अधिकाऱ्याला सूचना जाते. नमुन्याआधीची तारीख असलेली ओळ नमुन्यानंतर आली, तर ती घेतली जाते, पण तिच्यावर उशिराची खूण बसते. तोडणीची तारीख पुढे ढकलणारी अशी ओळ लगेच धरली जाते. तारीख अलीकडे आणणारी दुरुस्ती मात्र पर्यवेक्षकाने मागायची आणि गुणवत्ता अधिकाऱ्याने मंजूर करायची, आणि दोन्ही लॉगिन एकाच माणसाची नसावीत हे ट्रिगर तपासतो. सावधगिरी वाढवणारा बदल एकट्याने, ती कमी करणारा दोघांनी मिळून. हा नियम संचालकांनी लगेच स्वीकारला. त्यातले बहुतेक स्वतः बागायतदार होते.

लॅबचा निकाल कुणालाच बदलता येत नाही. पुनर्तपासणी झाली तर नवा अहवाल नव्या ओळीत येतो आणि जुना तिथेच राहतो.

नानांनी स्वतः एक मागणी केली: फवारणी मी मारतो, तर मला का लिहिता येऊ नये? मागणी रास्त होती आणि ई-पीक पाहणीचा दाखला त्यांच्याच बाजूचा होता. पण औषधाचं नाव दुकानातल्या ब्रँडने लिहायचं की घटकाने, मात्रा लिटरमागे की एकरी, यात घोळ होण्याची भीती गुणवत्ता विभागाला होती. तूर्त ठरलं ते असं: बागायतदाराला आपल्या प्लॉटचे सगळे भाग वाचता येतात, आणि फवारणीच्या कोणत्याही ओळीवर हरकत नोंदवता येते. हरकत असली की पर्यवेक्षकाने ती मिटवेपर्यंत तोडणीची तारीख व्ह्यूमध्ये कोरीच दिसते. औषधांची यादी घटकानुसार निवडण्याजोगी झाली, की पुढच्या हंगामात त्यांना थेट इन्सर्ट द्यायचा विचार आहे. मी त्याच्या बाजूने आहे.

नवी रचना ऑक्टोबरच्या गोडी छाटणीच्या नोंदींपासून सुरू झाली. तिच्यासोबत चाचण्यांचा एक संच दिला आहे. प्रत्येक रोलने दुसऱ्या प्रत्येक भागात लिहून पाहायचं आणि डेटाबेसने नकार दिला पाहिजे. ॲपची नवी आवृत्ती चढवण्याआधी हा संच चालतो, आणि एक जरी लिखाण यशस्वी झालं तरी आवृत्ती थांबते. सर्व्हर सांभाळणाऱ्याचं सुपरयूझर खातं यातल्या कुठल्याच बंधनात येत नाही, आणि पोस्टग्रेसमध्ये त्याला इलाज नाही. त्या खात्याचा पासवर्ड आता ऑफिसमधल्या कुणाकडे नाही. वॉल ज्या यंत्रावर जातो, त्याचा ताबा वेगळ्या माणसाकडे दिला आहे, आणि पीजीॲडमिनमधून आकडा दुरुस्त करून देण्याची पद्धत बंद झाली.